सोसायटीमागचा ओढा वाचवायला रहिवाशांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय की सोसायटीमागून ओढा जातो, वास मारतो, पावसाळ्यात पाणी कंपाउंडपर्यंत येतं; तर सगळ्यांनी मिळून काय करता येईल, आणि पलीकडच्या वस्तीला कसं समजावायचं? पहिल्या भागाचं उत्तर मला थोडंफार देता येईल. दुसरा भाग वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

मी पुण्यात आंबील ओढ्याच्या काठी राहते. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, तिथल्या तळ्यांतून सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी नळानं थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. आता आमच्याकडे सगळे त्याला 'नाला' म्हणतात. एकदा नाला म्हटलं की त्यात राडारोडा टाकायला कुणाला काही वाटत नाही.

आम्हालाही वाटलं नाही. 2016 च्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय आला. माझे धाकटे दीर, भाऊजी, तेव्हा सेक्रेटरी होते. स्वतः सिव्हिल इंजिनिअर. ते म्हणाले, मागची जागा नुसती पडून आहे, भराव टाकून भिंत घेतली की सहा गाड्या बसतात. जागा कुणाची, हे एकानंही विचारलं नाही. मीही हात वर केला. आमच्याकडे दुसरी गाडी नुकतीच आली होती.

25 सप्टेंबर 2019, बुधवार. पितृपंधरवडा संपत आला होता, घटस्थापना चार दिवसांवर. मी माळ्यावरची भांडी काढून घासायला बसले होते. रात्री लाईट गेली आणि मागून असा आवाज यायला लागला की ट्रक रिव्हर्स घेतोय असं वाटलं. टॉर्च मारला तर ओढा भिंतीच्या काठाला टेकलेला. त्या रात्री पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत काहीजण अंगावर भिंत कोसळून गेले, कुणी गाडीसकट वाहून गेलं. दावणीला बांधलेली जनावरं तर किती. आमच्या भिंतीला मात्र तडाही गेला नाही. भाऊजी दुसऱ्या दिवशी येईल त्याला ती हात लावून दाखवत होते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पलीकडच्या वस्तीत राहतात. त्या घटस्थापनेच्या दिवशी आल्या. मी म्हटलं, अहो आज कशाला आलात? काही बोलल्या नाहीत, सरळ भांडी घासायला लागल्या. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "ताई, ती भिंत नव्हती तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागायचं. यंदा पत्र्याला लागलं." बस, एवढंच. रेशनकार्ड, सिलिंडर, लेकीची बारावीची पुस्तकं, सगळं गेलं होतं. ते मला नंतर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर भाऊजींचा मेसेज: वस्तीवाल्यांनी कचरा टाकून नाला तुंबवला, त्याची फळं आपण भोगतोय. खाली अठ्ठावीस अंगठे.

कचरा टाकत नाहीत असं मी म्हणत नाही. टाकतात. घंटागाडी त्यांच्या बोळात शिरत नाही. पण ओढ्याचं पात्र पिशव्यांनी अरुंद होत नाही, ते भरावानं आणि काँक्रीटनं होतं. आणि पाण्याला एका काठानं जागा दिली नाही की ते दुसऱ्या काठावर चढतं, एवढं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

दिवाळीत जेवताना यावरून घरात जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. भाऊजींचं म्हणणं, ओढ्याकाठी राहायचं कशाला त्यांनी? आता गंमत बघा. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या सासऱ्यांचं शनिवार पेठेतलं राहतं घर गेलं. पूरग्रस्त म्हणून त्यांना सहकारनगरला जागा मिळाली, त्यावर आज आम्ही दोन्ही भाऊ-जावा उभे आहोत. तुम्ही नदीकाठी का राहत होतात, असं सासऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, कोरोना चालू असताना, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर बुलडोझर आले. न्यायालयानं त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोवर घरं पडली होती. आमच्या भिंतीपाशी कुणी साधा टेप घेऊनही आलेलं नाही.

बरं, तुमचा प्रश्न. सफाई मोहीम, टी-शर्ट, सेल्फी हे सगळं नंतर. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीच्या नकाशाची नक्कल काढा आणि ओढ्याची रुंदी तेव्हा किती होती, आज किती आहे ते स्वतः मोजा. तुमच्या बाजूनं आधी. माहितीच्या अधिकारात सोसायटीचा मंजूर नकाशा मागा. अर्जाला दहा रुपये आणि तीस दिवस. मग तुमच्या इमारतीचं मैलापाणी कुठे जातं ते बघा. आमचं पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जात होतं, आणि वास वस्तीचा येतो म्हणून आम्ही नाकाला रुमाल लावत होतो.

नंतर ओढ्याच्या उगमाकडे चालत जा. जिथलं पावसाचं पाणी ओढ्यात उतरतं तो सगळा भाग म्हणजे पाणलोट. गावाकडे पाणलोट म्हटलं की समतल चर, नालाबांध, श्रमदान. शहरातला पाणलोट म्हणजे पेव्हर ब्लॉक आणि फोडलेल्या टेकड्या. कात्रज घाटापलीकडे शिंदेवाडीला 2013 च्या जूनमध्ये डोंगर फोडल्यानं पाण्याचा लोंढा हायवेवर आला आणि गाडीतली आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. वर टेकडी फुटत असेल तर खाली तुम्ही कितीही गाळ काढा, पुढच्या जूनला तेवढाच येणार. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचं खंडपीठ पुण्यातच आहे. पण तिथे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, वर फार तर साठ दिवसांची सवलत. आम्ही 'बघू, निवडणुकीनंतर' करत बसलो आणि ती मुदत गेली.

आणि वस्तीला समजवायला जाऊ नका. पहिली बैठक तिकडे, त्यांच्या देवळाच्या ओट्यावर घ्या आणि पाणी कुठून येतं ते त्यांना विचारा. दरवर्षी पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरतं, त्यामुळे त्यांना ते अचूक माहीत असतं.

एक सांगायचं राहिलं. मी बँकेत नोकरी केली, जलतज्ज्ञ नाही. सगळ्याच भिंती वाईट असंही नाही; काही ठिकाणी काठ ढासळतो, तिथे लागतात. आमचीच पाडली तर वरच्या सोसायटीची तशीच राहणार, हे भाऊजींचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण मग वरच्या सोसायटीकडे जायला ते माझ्याबरोबर का येत नाहीत?

भाऊजी, तुम्ही या साईटवर असता हे मला माहीत आहे. मोजणीची नक्कल माझ्याकडे आहे. भिंत ओढ्याच्या पात्रात साडेअकरा फूट आत आहे. रविवारी या, टेप मी आणते, दुसरं टोक तुम्ही धरा.