किनारपट्टी किती किलोमीटर? आणि बाकीचे प्रश्न

केंद्रीय किंवा राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा जवळ आली की पत्रे वाढतात, आणि निम्म्या पत्रांत गेल्या वर्षीचाच गोंधळ नव्या शब्दांत असतो. वेगवेगळे उत्तर पाठवत बसण्यापेक्षा इथेच एकत्र लिहितो.

प्रश्न : मी एम.एस्सी. आहे. तरीही सामान्य अध्ययनासाठी शालेय पुस्तके वाचावीच लागतील का?

हो. सहावी ते बारावी. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

प्रश्न : भारताच्या किनारपट्टीची लांबी माझ्या पुस्तकात ७,५१६.६ किमी आहे, टेलिग्रामवरच्या पीडीएफमध्ये ११,०९८.८१ किमी. क्लासमधले सर म्हणतात, “आयोग जुनंच धरतो.” नक्की काय पाठ करू?

हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्यांनी विचारला आहे की आता जरा सविस्तर बोलतो.

दोन्ही आकडे सरकारी आहेत. पहिली मोजणी १९७०च्या दशकातली, १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरची. त्या नकाशावर लहानसहान खाड्या आणि नद्यांची मुखे सरळ रेघेत गडप होतात. दुसरी मोजणी अलीकडची, १:२.५ लाख प्रमाणाच्या नकाशांवरची, आणि ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात आहे. वळणे, खाड्या, कंगोरे मोजले गेले म्हणून लांबी वाढली. देशाला नवा समुद्र मिळालेला नाही. एवढे कारण कळले की दोन्ही आकडे आपोआप लक्षात राहतात, आणि प्रश्न कारणावरच आला तरी अडत नाही. पर्यायांत दोन्ही असतील तर प्रश्नातले वर्ष आणि शब्दरचना वाचा. काहीच खूण नसेल तर नवा आकडा धरा.

आता “आयोग जुनंच धरतो” याबद्दल. कुठे लिहिले आहे? परीक्षेनंतर राज्य आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका लावतो. हरकतीला पुरावा जोडावा लागतो. तिथे सरांचे वाक्य कसे जोडणार? पीडीएफचा स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतोच. त्यावर प्रकाशक नसतो, तारीख नसते, फक्त चॅनेलचा लोगो तिरका छापलेला असतो.

मागे एक मुलगा चालू घडामोडींचे, स्पायरल बायंडिंग केलेले तीन मासिक संच घेऊन आला. तीन नावे, तीन किमती. मी रामसर स्थळांचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचे, पान उघडले. तिन्हीत महाराष्ट्रातली स्थळे दोनच, आणि तिन्हीत ‘नांदूर मधमेश्वर’चे ‘नांदूर मदमेश्वर’ झालेले! नांदूर मधमेश्वर आणि लोणार २०२० पर्यंत यादीत गेले, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये, म्हणजे तीन. एकाने चूक केली, दोघांनी ती शुद्धलेखनासकट उचलली, आणि या पोराने तिन्ही ठिकाणी हिरव्या पेनाने अधोरेखित करून ‘कन्फर्म’ असे लिहून ठेवले होते. तीन ठिकाणी सापडले म्हणजे खरे, असा त्याचा हिशेब. मुळात ठिकाण एकच होते.

तेव्हा चालू घडामोडींची वही करायची तर प्रत्येक आकड्यापुढे दोन गोष्टी लिहा : कोणी सांगितला आणि कोणत्या वर्षी. पत्र सूचना कार्यालय, मंत्रालयांचे वार्षिक अहवाल, राज्याची आर्थिक पाहणी, एवढ्यात बहुतेक काम भागते. वेळ जातो, मान्य आहे. पण भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू असूनही खुनाच्या शिक्षेला जुन्या दंड संहितेचे कलम ३०२ पाठ करणारी मुले मला अजून भेटतात (आता ते कलम १०३ आहे), आणि त्यांचाही वेळ गेलेलाच असतो. शंका राहिली तर विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पान दाखवून विचारा. ग्रुपवर मतदान घेऊ नका.

प्रश्न : विधानात ‘फक्त’, ‘सर्व’ असे शब्द असले की ते विधान चूक, असे एका व्हिडिओत सांगितले. ही युक्ती चालते का?

“धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येते.” हे विधान बरोबर आहे, आणि तुमच्या युक्तीने तुम्ही ते चूक ठरवलेत. शिवाय २०२३च्या केंद्रीय पूर्वपरीक्षेत ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर’ अशा प्रश्नांचा भरणा होता. तिथे प्रत्येक विधान माहीत नसेल तर काटछाट करायला पर्यायच उरत नाहीत.

प्रश्न : उत्तर येत नसेल तर तुक्का मारावा की प्रश्न सोडावा?

आधी हिशेब. प्रश्न २ गुणांचा, पर्याय ४. केंद्रीय आयोग चुकीमागे त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतो. चार आंधळ्या तुक्क्यांत एक लागला तर २ मिळाले, तीन चुकांचे २ गेले; हाती शून्य. राज्यसेवेत एक चतुर्थांश कापतात : २ मिळाले, दीड गेला, अर्धा उरला. म्हणजे आंधळेपणाने फारसे काही मिळत नाही, पण एक-दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर दोन्हीकडे उत्तर देणे फायद्याचे. मात्र ‘खात्रीने’ म्हणजे किती, हे माणसागणिक बदलते. पाच सराव पेपरांत तुक्क्याच्या प्रश्नांपुढे खूण करा, किती लागले ते मोजा, आणि तो कागद एखाद्या अनुभवी मार्गदर्शकाला दाखवून मगच धोरण ठरवा.

प्रश्न : एका क्लासच्या फलकावर बरेच यशस्वी उमेदवार आहेत. पूर्ण शुल्क एकरकमी भरल्यास मोठी सूट, आज शेवटचा दिवस आहे. भरू का?

आज भरू नका. तो शेवटचा दिवस पुढच्या आठवड्यातही असतो.

फलकावरच्या मुलाने तिथे नक्की काय केले, ते विचारा. पुष्कळदा तो मुलाखतीच्या फुकट मार्गदर्शनाला दोन दिवस आलेला असतो, म्हणून एकच चेहरा चार फलकांवर हसताना दिसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली : उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम घेतला हे जाहिरातीत सांगायचे, आणि त्याची संमती निवड झाल्यानंतर घ्यायची. पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. आधीच भरून फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला आणि पावत्या एखाद्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : मागील वर्षांचे पेपर अभ्यास संपल्यावर सोडवावेत ना?

अभ्यास संपत नसतो. आज सोडवा.

प्रश्न : वय ३१, ओबीसी. केंद्रीय परीक्षेला फॉर्म भरून गेलो नाही, तर ती संधी मोजतात का?

नाही. पण पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला जरी बसलात तरी मोजतात. तुम्हाला ३५ वर्षांपर्यंत ९ संधी आहेत, त्याही नॉन-क्रीमी लेयरमध्ये असाल तरच. वय त्या वर्षीच्या १ ऑगस्टला धरतात. राज्याचे नियम वेगळे आहेत; ते जाहिरातीतून वाचा, मित्राच्या मित्राकडून नको. आणि प्रमाणपत्राचे काम आत्ताच सेतू केंद्रात जाऊन सुरू करा. शेवटच्या आठवड्यात अर्ज करून मग मला पत्र लिहिणारे दरवर्षी असतात. त्या वेळी माझ्या हातात काही नसते.

प्रश्न : रात्री दोनपर्यंत वाचतो, सकाळी काही आठवत नाही. रूममेट एकाग्रतेची गोळी घे म्हणतो.

घेऊ नका. रूममेट डॉक्टर नाही, मीही नाही. डॉक्टरकडे जा, मनावर ताण असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तोवर अकराला दिवा बंद.