तीन लॅपटॉप, तीन लायब्रऱ्या

प्रश्न : उद्यमबागेत आमचं लहानसं युनिट आहे. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसणारे फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रनचे बोर्ड (एखादा फेज गेला किंवा पाणी संपलं की पंप बंद करणारे) आम्ही तिघे मिळून करतो. गिऱ्हाईक चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडचं. डिझाइन किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं, पण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पार्टची लायब्ररी वेगळी. मागच्या हंगामात ट्रान्झिस्टर उलटा बसला आणि सगळा लॉट हाताने दुरुस्त करावा लागला. पार्टची माहिती एका जागी ठेवून तिघांनी तीच वापरायची, असं करता येईल का? विकतचं सॉफ्टवेअर परवडणार नाही. पावसाळ्यात लाईट आणि नेट, दोन्हीचा भरवसा नसतो.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बहुतेक वेळा ट्रान्झिस्टर उलटा बसतो तो असा. बीसी ५४७ आणि २एन३९०४ दोन्ही एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर, दोन्ही एकाच काळ्या अर्धगोल अंगाचे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून बीसी ५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या लायब्ररीत नुसतं ‘एनपीएन’ लिहिलेलं असतं, दुसरा त्याला हाताशी असलेला फूटप्रिंट (बोर्डावर पार्टचे पाय बसायच्या जागांची आकृती) जोडतो, तिसरा दुकानात मिळेल तो पार्ट आणतो. तिघांपैकी कुणाचंच काम ढिलं नसतं, तरी बोर्ड बिघडतो. म्हणून पार्ट नंबर, सिम्बॉल (सर्किटच्या नकाशातलं पार्टचं चिन्ह) आणि फूटप्रिंट ही तिन्ही एका नोंदीत बांधलेली हवीत. तुम्हाला हवी आहे ती व्यवस्था नेमकी याचसाठी असते, आणि ती फुकट उभी राहते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. सिम्बॉल आणि फूटप्रिंट म्हणजे आकृत्या. त्या क्वचित बदलतात. त्या गिटच्या (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिघांच्या लॅपटॉपवर त्याची प्रत असू द्या. कंपनीचा पार्ट नंबर, व्होल्टेज, डेटाशीटचा दुवा, पुरवठादार, रेट ही झाली माहिती. ती सारखी बदलत असते, म्हणून ती सर्व्हरवर ठेवायची.

२०२३ मध्ये आलेल्या किकॅड ७ पासून अशी माहिती डेटाबेसमधून घेता येते. मात्र त्यासाठी प्रत्येक लॅपटॉपवर डेटाबेसशी जोडून देणारा ओडीबीसी ड्रायव्हर बसवावा लागतो. २०२४ च्या किकॅड ८ मध्ये वेबपानासारखी सर्व्हरवरून माहिती आणणारी एचटीटीपी लायब्ररी आली, आणि तुमच्यासाठी मी तीच सुचवेन. पार्ट निवडायची खिडकी उघडली की किकॅड सर्व्हरला आधी गट विचारतं, मग त्या गटातले पार्ट, मग निवडलेल्या पार्टचा तपशील. उत्तर जेसन या ठरावीक मांडणीच्या साध्या मजकुरात येतं. त्यात सिम्बॉलचं फक्त नाव असतं. सिम्बॉल तुमच्याच लॅपटॉपवरून उचलला जातो आणि सर्व्हरकडून आलेली फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, त्यात भरली जातात. फूटप्रिंटचं नावही त्याच फील्डमधून येतं, म्हणून बीसी ५४७ निवडला की त्याचाच फूटप्रिंट लागतो.

किकॅड या लायब्ररीतून फक्त वाचतं, तिच्यात परत काही लिहीत नाही. काहींना ही अडचण वाटते. माझ्या मते लहान युनिटसाठी ही सगळ्यात मोठी सोय आहे, कारण रात्री घाईत कुणी बोर्ड करताना नोंद परस्पर बदलत नाही. बदल एकाच ठिकाणी होतो.

सर्व्हर म्हणून कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप चालेल. त्यावर लिनक्स घाला, एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवा आणि ऑफिसच्या राऊटरला जोडा. बाहेरचं नेट लागतच नाही. तुमची पार्टची यादी एक्सेलमध्ये असणारच. तिच्यातून जेसनच्या फाइली करून देणारा छोटा पायथन प्रोग्रॅम इंजिनिअरिंगचा कुठलाही विद्यार्थी लिहून देईल. त्याला एवढं सांगा की आयडीसारखे आकडेसुद्धा अवतरणचिन्हात, म्हणजे मजकूर म्हणून द्यायचे. बरेचजण इथेच अडकतात. प्रत्येक लॅपटॉपवरच्या जोडणीच्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि टोकन (पासवर्डसारखा परवलीचा शब्द) उघड्या अक्षरांत असतं. ती फाइल गिटमध्ये टाकू नका. पुढे स्टॉकचा हिशोबही यातच हवा असेल, तर पार्ट-डीबी किंवा इनव्हेनट्री पाहा. दोन्ही ओपन सोर्स आहेत आणि दोन्ही किकॅडला जोडता येतात.

लाईटचं म्हणाल, तर डेस्कटॉप आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. तरी सर्व्हर बंद पडलाच, तर नवा पार्ट निवडता येणार नाही, एवढंच. आधीची कामं अडणार नाहीत. किकॅड ६ पासून वापरलेला प्रत्येक सिम्बॉल स्केमॅटिकच्या, म्हणजे सर्किटच्या नकाशाच्या, फाइलमध्येच साठवला जातो, फूटप्रिंट बोर्डाच्या फाइलमध्ये. आभाळ फाटल्यासारखा पाऊस असला तरी जुना बोर्ड उघडेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इंटरनेटवर हजारो तयार पार्ट आहेत म्हणून सगळे ओढून आणू नका. आज तुमच्या बोर्डांवर जे बसतात तेवढेच घ्या. प्रत्येक नोंदीत ‘कोणी तपासलं’ आणि ‘कधी’ अशी दोन फील्ड ठेवा. तपासायचं म्हणजे डेटाशीटमधले पाय सिम्बॉलशी एकेक करून जुळवायचे, फूटप्रिंट कागदावर १:१ छापायचा आणि खरा पार्ट त्यावर ठेवून बघायचा. मी शिकवते तिथे या कागदांवर पार्ट टेपने चिकटवून, खाली सही करून फाइलला लावतात. ७८०५ आणि एएमएस १११७ शेजारी ठेवून बघा : पहिल्याचे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट आणि धातूची पाठ ग्राउंडला. दुसऱ्याचे ग्राउंड, आउटपुट, इनपुट आणि पाठ आउटपुटला. दोघेही ५ व्होल्टचे रेग्युलेटर असू शकतात, पण एकाच्या जागी दुसरा बसवला तर बोर्ड जळू शकतो. तिघांपैकी एकाकडे ही जबाबदारी द्या. त्याच्या सहीशिवाय नोंद सर्व्हरवर चढता कामा नये.

एक सुचवते. आपल्या भागात सोल्डरिंगला बसणाऱ्यांपैकी कुणी कन्नड शाळेत शिकलेलं असतं, कुणी मराठी. नोंदीत दोन्ही लिप्यांत वर्णनाचं एकेक फील्ड ठेवा. पार्टची यादी छापताना ते सोबत येतं, आणि बसवणाऱ्याला शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. मी जमवलेली किकॅड लायब्ररी सगळ्यांना खुली करावी म्हणते. परवानगीची अडचण येईल का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : जमवलेली आणि स्वतः काढलेली, असे आधी दोन ढीग करा. पार्ट विकणाऱ्यांच्या साइटवरून उतरवलेल्या फाइली पुन्हा वाटायला बहुधा मनाई असते. अटी वाचा, शंका आली तर ती फाइल वगळा. किकॅडच्या अधिकृत लायब्ररीतून घेतलेले पार्ट सीसी बाय-एसए ४.० या खुल्या परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली तुम्ही ते पुढे देऊ शकता. त्यात एक मुद्दाम ठेवलेली सूट आहे : लायब्ररी वापरून केलेल्या बोर्डाला हा परवाना लागू होत नाही. म्हणून तुमचे पार्ट घेऊन उद्यमबागेतल्या कुणी विकायचा बोर्ड केला, तर त्याला आपलं डिझाइन उघडं करावं लागणार नाही. तुम्हीही हाच परवाना याच सुटीसह लावा.

तुम्ही स्वतः काढलेला एखादा पार्ट अधिकृत लायब्ररीत नसेल, तर तो गिटलॅब या साइटवर, जिथे ती लायब्ररी सांभाळली जाते, तिकडेच पाठवा. त्यांचे नियम कडक आहेत : सिम्बॉलचे पाय २.५४ मिलिमीटरच्या ग्रिडवर, फूटप्रिंटभोवती सहसा ०.२५ मिलिमीटर मोकळी जागा, डेटाशीटचा दुवा सोबत. तपासणारे दुरुस्त्या सुचवतील, त्या करून पुन्हा पाठवा. एकदा घेतला गेला की पुढच्या आवृत्तीबरोबर तो जगभर जातो, आणि तुम्हाला स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागत नाही.