मेन कॅप आवळले की क्रँक हलत नाही

प्रश्न : काका, बाबांची २००४ची मारुती ८०० मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलली. माझं पहिलंच इंजिन. ब्लॉक वागळे इस्टेटमधून होनिंग करून (सिलिंडर आतून बारीक घासून) आणला, मेन बेरिंगचे, म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) ज्यांत फिरते त्यांचे, नवे अर्धगोल शेल टाकले. क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे कॅप हाताने बसवले तोवर क्रँक फिरत होती, टॉर्क रेंचने (ठरल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळल्यावर अडकली. लेथवाला म्हणतो, क्रँक ग्राइंडिंग कर, म्हणजे घासून बारीक कर. करू? (खोलताना चारही कॅप एकाच डब्यात रॉकेलमध्ये टाकले होते.)
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : क्रँक कुठेही नेऊ नकोस. कंसातलं वाक्य तू सर्वांत आधी लिहायला हवं होतंस.

कारखान्यात मेन बेरिंगची भोकं कॅप आवळलेल्या स्थितीतच बोअर करतात. म्हणून ज्या जागचा कॅप त्याच जागी, त्याच तोंडाने. अदलाबदल झाली तर बसतो व्यवस्थित, पण आवळताच क्रँकला धरतो. काळा थर पेट्रोलने पुस. खाली आकडा आणि बाण दिसेल. पुलीकडून १, २, ३, ४, बाण पुलीकडे.

शेलही काढून बघ. पाठीवर ०.२५ आहे का? म्हणजे तो घासलेल्या क्रँकसाठीचा जाड शेल. ग्राइंड न केलेल्या क्रँकला तो शेल आवळणारच. मागे कापडाचा धागा राहिला तरी तेच. आणि तेलाचं भोक असलेला शेल ब्लॉकमध्येच हवा. तो चुकून कॅपमध्ये गेला तर क्रँक छान फिरेल, पण तेलाची वाट बंद. तुझी अडली हे त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

आता एकेक कॅप आवळ आणि दर वेळी हाताने फिरवून बघ. हे सगळं करूनही अडली, तरच मायक्रोमीटरने क्रँक मोज.

माझं पहिलं इंजिन पद्मिनी टॅक्सीचं, १०८९ सीसी. क्रँक बोटाने फिरत होती, मी खूश. पिस्टनवरची दुसरी रिंग मात्र उलटी टाकली होती. ती तेल खाली खरवडायची, उलटी बसली की वर चढवते. तीन हात नाक्याला मागचे स्कूटरवाले निळ्या धुरात दिसेनासे झाले. फोरमन ओरडला नाही. हेड (इंजिनचा वरचा भाग) पुन्हा खोलायचा पाना माझ्या हातात दिला आणि चहाला गेला. त्यानंतर रिंगेवरची खूण वर आहे का, हे मी दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय पिस्टन आत सोडत नाही.

पाऊस चालू आहे. होन केलेला बोअर ठाण्याच्या हवेत रात्रीत गंज धरतो. आधी इंजिन ऑईल चोपड, वर प्लास्टिक बांध. कॅप उद्या उजेडात.