लेगोमध्ये काल्पनिक इंग्लिश हवेली (जॉर्जियन, १८व्या शतकातली) डिझाइन करायची आहे. सुरुवात कुठून करू?

खिडक्यांपासून करा, छत, खांब, जिने सगळं नंतर. जॉर्जियन दर्शनी भाग म्हणजे समान अंतरावरच्या विषम संख्येच्या खिडक्या आणि मधोमध दार, त्यामुळे एकदा खिडकीची रुंदी ठरली की घराची लांबी आपोआप ठरते. उदाहरणार्थ ७ खिडक्या २-२ स्टडच्या (स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचा गोल उंचवटा), त्यांच्या मधल्या नि कडेच्या ८ भिंती ४-४ स्टडच्या: बेरीज ४६. म्हणजे ४८ स्टडच्या बेसप्लेटवर (खालच्या सपाट पाटावर) नीट बसतं. तळमजल्यावर मधल्या खिडकीच्या जागी दार येईल. मुख्य मजल्याच्या खिडक्या ३ विटा उंच ठेवा, सगळ्यात वरच्या २. सगळ्या सारख्या उंचीच्या ठेवल्या की हवेली सरकारी वसतिगृहासारखी दिसायला लागते! आणि १६९६ ते १८५१ इंग्लंडात खिडक्यांवर कर होता, त्यापायी लोकांनी काही खिडक्या चक्क विटांनी बुजवल्या. तशी एखादी भिंतीच्याच रंगात, जरा आत सरकवून केलीत तर घर खरं वाटतं.

लेगोच्या छोट्या माणसांच्या बाहुल्यांच्या मापात बांधायचा मोह टाळा. बाहुली साधारण ४ सेंटिमीटर उंच असते. त्या हिशेबाने ६० मीटरची दर्शनी बाजू जवळपास दीड मीटरची होईल.

आधी ब्रिकलिंक स्टुडिओत (संगणकावर लेगो मांडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) मांडून बघा. मात्र ट्यूडर काळापासून (साधारण १६वं शतक) पिढ्यानपिढ्या वाढत गेलेलं घर हवं असेल, तर हा समतोलाचा नियम सोडून द्या.