भूक हा अवगुण नाही

बेटा,

परवा शेतातल्या भरीत पार्टीत तू दुसरी पुरी घेतलीस आणि ताट तसंच ठेवून केळीच्या बागेत निघून गेलीस. मी मागून आले तर तू रडत होतीस. "बाई, १४ किलो उतरवलं, आणि आता दिवसभर खायचंच सुचतं. मी हावरट झालेय." तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

भूक हा अवगुण नाही. आधी हे वाच, मग पुढचं.

हार्मोन म्हणजे काय ते मी तुला दहावीत शिकवलंय, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते. अंगातली चरबी लेप्टिन सोडते आणि मेंदूला कळवते की साठा पुरेसा आहे. चरबी घटली की लेप्टिन घसरतं, आणि मेंदू समजतो, दुष्काळ पडला. जठरातलं घ्रेलिन भूक चेतवतं, ते वाढतं. जेवण झाल्यावर 'बस' म्हणणारी आतड्यातली हार्मोन्स कमी पडतात. वर शरीर पहिल्यापेक्षा कमी ऊर्जेत भागवायला लागतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभरानं पुन्हा तपासलं, तरी ही हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूक वाढलेलीच होती. हे २०११ साली छापून आलंय. तुझे १४ किलो आणि त्यांचे साडेतेरा. आता सांग, हावरटपणा कुठे आला यात?

माझं ऐक. १९९८ साली मला शुगर निघाली. भाकरी अर्धी केली, चहातली साखर सोडली, पहाटे उठून स्टेशनपर्यंत चालत जायचे. आठ महिन्यांत १२ किलो उतरलं. मग रात्री भूक लागायला लागली. सगळे झोपले की दिवा न लावता फडक्यातली गार भाकरी काढायची आणि उभ्यानंच शेंगदाण्याच्या चटणीला लावून खायची. डब्याचं झाकण ओट्यावर ठेवलं तर वाजेल, म्हणून ते काखेत धरून. दोन वर्षांत सगळं वजन परत आलं. डॉक्टर माझ्या यजमानांसमोर म्हणाले, "यांचा तोंडावर ताबा नाही." त्या लाजेनं मी सहा वर्षं तपासणीलाच गेले नाही. आज डाव्या पायाची बोटं बधिर आहेत, ती त्या सहा वर्षांमुळे. मी उपाशी राहायला लागले तेव्हा घ्रेलिन कुणाला ठाऊकच नव्हतं, जपानी शास्त्रज्ञांना ते १९९९ साली सापडलं. डॉक्टरांना ते माहीत नसणं मी समजू शकते. पण माझ्या स्वभावाचा निकाल लावायचं काय कारण होतं? आणि मी तरी तो का मान्य केला? जठर माझं, भूक माझी, आणि पटलं मला दुसऱ्याचं.

भूक हा अवगुण नाही, बेटा. हल्ली भूक कमी करणारी इंजेक्शनं निघालीत ना? ती थांबवली की भूक परतते आणि बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं. औषधानं जी बदलते, ती तुझी नियत कशी असेल?

आणि ते रात्री जेवण टाळणं आधी बंद कर. मला राग येतो त्याचा. रात्री टाळतेस आणि दुसऱ्या दिवशी चारला शेव-मुरमुऱ्याचा डबा रिकामा करतेस, हे तूच सांगितलंस. तिन्ही वेळा जेव. ताटात डाळ, उसळ, दही, अंडं यातलं काहीतरी असू दे, प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. कळण्याची भाकरी खा, उडीद असतो तिच्यात. रात्री एकपर्यंत मोबाईल बघत जागू नकोस, झोप मोडली की भूक आणखी चाळवते. थोडं वजन उचलायचा व्यायाम कर, स्नायू टिकायला हवेत. १४ पैकी ४ परत आले तर येऊ देत. १० राहिले, तेही शरीराच्या विरोधात राखलेले, हे विसरू नकोस.

लोक म्हणतात, बाईंनी हार मानली, पुन्हा वजन उतरवलं नाही. मी हार मानलेली नाही. साखर ताब्यात आहे, रोज ४० मिनिटं चालते, आणि भूक लागली की दिवा लावून, बसून, ताटात वाढून घेते. एवढं जमायला मला २० वर्षं लागली. तुझी २० वर्षं मला यात जाऊ द्यायची नाहीत.

रविवारी ये. येताना रक्ताचे रिपोर्ट आण, थायरॉईडचाही. दादर ज्वारीची भाकरी टाकते, हिरव्या मिरचीचा ठेचा करते. दुसरी भाकरी मागायची असेल तर मोठ्यानं माग.

तुझी बाई