ठाण्यातील दुकानदार २८ हजारांत ‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ असा गेमिंग पीसी देत आहे. घ्यावा का?

या कोटेशनमध्ये आय-७ या प्रोसेसरच्या पुढे तो कितव्या पिढीचा हा आकडा नाही आणि ४ जीबीच्या पुढे कार्डाचे नाव नाही. हे दोन्ही तपशील लेखी मिळेपर्यंत आपण आगाऊ रक्कम देऊ नये. अशा भावात ‘आय-७’ म्हणून बहुधा आय-७ २६०० पुढे केला जातो. तो २०११ सालचा असून त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच थांबले. ‘४ जीबी’ कार्ड म्हणजे २०१४ सालचे जीटी ७३०ही असू शकते. त्यात संथ डीडीआर३ मेमरी असते आणि नवे गेम त्याला पेलवत नाहीत.

मी स्वतः ऐरोलीला राहत असताना भाच्यासाठी जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि फसलो. या एकाच नावाची दोन कार्डे आहेत: जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ जीबी माहिती हाताळते, तर डीडीआर४चे जेमतेम १७ जीबी. डब्यावर ‘जीटी १०३०’ ठळक छापले होते. ‘डीडीआर४’ ही अक्षरे मात्र कडेच्या स्टिकरवर, बारकोडच्या वर, मुंगीएवढी होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दुकानदाराने ‘सील तुटले आहे’ एवढेच सांगून विषय संपवला. आरटीएक्स ३०५० या कार्डाचीही गत तशीच आहे. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (गणिते करणारे घटक) आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) आहे, तर ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची. म्हणजे फरक केवळ मेमरीचा नाही. (६ जीबीचे कार्ड जेमतेम ७० वॅट विजेवर चालते, हा त्याचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल.)

जुने कार्ड घ्यायचे असल्यास ते आपल्यासमोर अर्धा तास गेमवर चालवून दाखवायला सांगावे आणि जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची ओळख तपासावी, कारण बायोस (कार्डातलाच मूळ प्रोग्रॅम) बदलून जुने कार्ड नव्या नावाने खपवण्याचे प्रकार होतात. आपल्याकडच्या खाडीच्या हवेत स्क्रू आणि पोर्ट गंजलेले आहेत का, तेही पाहावे.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरील दोन-तीन दुकानांत रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि ८ जीबीच्या दोन रॅम यांचे भाव काढावेत, असे मी सुचवेन. या प्रोसेसरचे अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन पट्ट्या एकदम काम करतात. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घेतल्यास वेग बराच घटतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) नाकारावा आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. पुढे कार्ड बसवाल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी टाळावे. त्याला पीसीआयई ४.०च्या (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत आणि ५६००जी त्याच्या जुन्या ३.० आवृत्तीवरच थांबतो, त्यामुळे त्या कार्डाचा वेग तिथे कमी पडतो.