ठरवलेलं काम ३-४ दिवसांत बंद पडतं, मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

मोटिव्हेशनच्या मागे लागूच नका, त्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच ठरवून टाका, म्हणजे 'रोज व्यायाम करेन' असं मोघम नाही तर 'सकाळी दात घासून झाले की लगेच बूट घालून १० मिनिटं चालायला जाणार' इतकं नेमकं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी हे मांडलंय, २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले त्यात अशा प्लॅनचा चांगलाच फायदा दिसला. ऐनवेळी 'करू की नको' चालू होतं ना, तेच टळतं, ती वेळच आठवण करून देते, मूड कसा का असेना. फक्त ध्येय मुळात तुम्हाला मनापासून हवं असलं पाहिजे, कुणीतरी म्हणतंय म्हणून घेतलं असेल तर याचा फार उपयोग होत नाही.